गोड्या विहिरीचा उपसा

१

विहिरीत मीठ टाकलं, अशी फिर्याद माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच आली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पेटवलेल्या कपाशीच्या गंज्या पाहिल्या, पण मीठ! आमचा मोतीराम जमादार फिर्याद लिहून घेता घेता गालात हसला. मी त्याला म्हटलं, "हासतं काहून बे? आठ दिवस बोरखारचं पानी पेऊन पाहा, मंग हास."

मला हसू येणं शक्यच नव्हतं, कारण मला मुतखडा होता. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या या पट्ट्यात बदली झाली आणि इथल्या पाण्यानं माझ्या पोटात खडे रचले. पूर्णेच्या काठची ही जमीन वरून बघा, काळीशार, कपाशी माणसाच्या कमरेला लागते. आणि तिच्यात विहीर खोदा, पाणी असं लागतं की गुरंही तोंड फिरवतात. खारट तर असतंच, वर तुरट, आणि गिळल्यावर घशात कडू. सरकारनं मला इथं फौजदार म्हणून धाडलं की शिक्षा म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या मुलखात बोरखारच्या बौद्ध वस्तीत गोडी विहीर लागली होती. अख्ख्या गावात गोड्या पाण्याची विहीर तेवढी एकच. तोवर वस्ती गावतळ्याचं पावसाचं पाणी प्यायची, तेही स्वतः भरायची सोय नाही. बायांनी पायऱ्यांच्या वर, लांब उभं राहायचं, आणि चंद्रभान पाटलाच्या माणसाच्या मनात आलं की त्यानं वरून घागरीत ओतायचं. दीक्षा घेऊन पाचसहा वर्षं झाली होती, तरी तळ्यावरचं उभं राहणं सुटलं नव्हतं. ते विहिरीनं सुटलं. आणि तीच विहीर आता खारी झाली होती.

फिर्याद द्यायला आलेला देवमन इंगळे वस्तीतला जाणता माणूस. तो म्हणाला, "सायेब, कोनी टाकलं थे आमाले मालूम हाये. तुमी फक्त धरून न्या."

मी नाव विचारलं. त्यानं खाली पाहिलं आणि ज्या बाईनं विहिरीसाठी स्वतःचं वावर दिलं होतं, तिच्याच पोराचं नाव सांगितलं.

२

मी वस्तीत पोचलो तेव्हा ऊन असं होतं की जीपच्या पत्र्याला हात लावता येईना. स्वागत त्याहून गरम. फौजदार गावंडे म्हणजे कुणबी, म्हणजे पाटलाचा माणूस, असा सगळ्यांनी हिशेब करून ठेवला होता. कुणी बाज टाकली नाही. मी आपला विहिरीच्या कडेला उभा राहिलो.

विहीर उथळ होती, जुन्या नदीपात्राच्या वाळूत खोदलेली. पंचफुलाबाई वानखडे कठड्यावर हात ठेवून उभी होती. पन्नाशीची विधवा बाई, बांधा काटक, डोळे लाल. तिच्या दिवंगत नवऱ्याच्या नावावरचा तुकडा तिनं विहिरीसाठी सोडला होता. झालं काय, ते देवमननं सांगितलं. बायका सकाळी पाण्याला गेल्या तर पाणी मिठावाणी. गळ टाकला, तर दगड बांधलेलं पोतं वर आलं, आणि त्याच्या कोपऱ्यात न विरघळलेलं मीठ. मग वस्तीनं जे कुठलंही गाव करतं तेच केलं. विहिरीत कुत्रं मरो की मांजर, आपल्याकडं एकच उपाय: उपसा करायचा, तळ कोरडा करायचा, नवं पाणी येऊ द्यायचं. बाया-माणसं राबली, पाटलाचं इंजिन आणून लावलं, तळातला गाळ घमेल्यांनी काढला. पहिली बादली पंचफुलाबाईनं ओढली होती. नवं पाणी आलं, आणि तेही खारं आलं. मग पुन्हा उपसलं. पुन्हा खारं. आता परवा तिसऱ्यांदा उपसायचं ठरलं होतं.

"पोतं कुणाचं?" मी विचारलं.

पंचफुलाबाईनं ते माझ्या पायाशी टाकलं. त्याला निळ्या लुगड्याचं ठिगळ होतं. म्हणाली, "माह्यं हाये. ठिगय मीच लावलं. ज्वारीचं पोतं, आंगनात पडून रायत होतं."

तिचा पोरगा धर्मपाल चौघांच्या गराड्यात खाली बसलेला होता. ओठ फुटलेला. त्याला अकोल्याला गिरणीत लागायचं होतं, आणि वावर विकून मायलाही तिकडं न्यायचं होतं; मायनं वावरात विहीर खणू दिली. "जयून जावो थे इहीर" असं तो चारचौघांत बोलला होता. वस्तीला एवढं पुरेसं होतं. मी मायकडं पाहिलं. तिनं पोराची बाजू घेतली नाही.

"थो बोलला तसं," ती म्हणाली. "पोतं माह्या घरचं. मंग दुसरं कोन?"

मग तिनं लोटाभर पाणी शेंदलं आणि माझ्यापुढं धरलं. आग्रह नव्हे, रागच होता तो. "पेऊन पाहा, सायेब. कागदावर लिवाच्या आंधी पेऊन पाहा."

मी घोट घेतला. जीभ ओढली गेली, घसा कडू झाला, आणि माझ्या डाव्या कुशीतला खडा आठवणीनंच दुखायला लागला. मी थुंकलो. धर्मपालला तिथं ठेवला असता तर संध्याकाळपर्यंत त्याची हाडं मोडली असती, म्हणून मी त्याला जीपमध्ये घातला. वस्तीला वाटलं, अटक केली. मीही सांगायला गेलो नाही.

जीपमध्ये बसताना तो एवढंच बोलला, "साहेब, मास्तरांना विचारा. मी असलं करणारा नाही, हे त्यांना माहीत आहे."

३

मास्तर म्हणजे प्राध्यापक वामनराव परचुरे. पुण्याचे. ते पंचफुलाबाईच्याच अंगणातल्या खोलीत राहत होते, तिच्या हातची भाकर खात होते, आणि वस्तीला त्याचा केवढा अभिमान होता! पुण्याचा एवढा शिकलेला माणूस आपल्या ताटाला ताट लावून जेवतो, हे लोक परगावच्या पाहुण्यांना सांगत. विहिरीची जागाही त्यांनीच दाखवली होती. धर्मपाल त्यांच्या हाताखाली काम करायचा, त्यांच्यासारखं बोलायला शिकला होता.

खोलीत खोकी, बाटल्या, दोऱ्या, आणि भिंतीवर शिडाच्या होड्यांचे फोटो. माणूस पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, स्वच्छ धोतर. मी धर्मपालबद्दल विचारलं तर म्हणाले, "बिचारा. पण रागाच्या भरात तरुण माणूस काय करील, सांगता येत नाही." झालं! ज्याच्या साक्षीवर पोराची मदार, तोच असा बोलला. मला तो माणूस त्या क्षणापासून आवडला नाही, पण आवडनिवडीवर खटले चालत नाहीत.

त्यांचं काम काय, हे मी विचारलं आणि ते खुलले. अरबी समुद्रात प्रवाळाची लहान लहान बेटं आहेत, तिथल्या दर्यावर्दी लोकांत ते कितीक वर्षं राहिले होते. चहूकडं समुद्र, नदी नाही, ओढा नाही, तरी ते लोक विहिरीचं गोडं पाणी पितात. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर होऊन तरंगतं; गोडं हलकं, खारं जड. म्हणून विहीर उथळ खणायची, करवंटीनं वरवरचं पाणी घ्यायचं. पूर्णेच्या या जुन्या पात्रातही तसंच आहे, हे त्यांनी ताडलं, आणि विहीर तिथं खणवली. सगळं ऐकून मी खरोखर थक्क झालो. कुठं समुद्र आणि कुठं आमचं बोरखार!

"तिथं विहिरीत घाण पडली तर काय करतात?" मी सहज विचारलं.

"जाळ्यानं काढतात. एकदा बकरी पडून मेली होती, तरी विहीर उपसली नाही. उपसा करणं तिथं महापाप आहे. होडीचा म्होरक्या, तांडेलसुद्धा त्या बाबतीत गावच्या म्हातारीचं ऐकतो."

"का बरं?"

"श्रद्धा," ते म्हणाले. "त्यामागं कारण असलं पाहिजे, असं मी गेली कितीतरी वर्षं लिहितोय. पण अजून कुणी सिद्ध केलेलं नाही."

मला वाटलं, पुण्याचा माणूस आहे, बोलायचा शौक असणार. मी उठलो. बाहेर पंचफुलाबाई चूल पेटवत होती. तिला विचारलं, मिठाच्या आदल्या दिवशी विहिरीवर कोण कोण होतं? ती म्हणाली, आमीच, बाया. आणि मास्तर. रोज एक बाटली भरतात, त्या दिवशी सांजच्याला खोकंभर बाटल्या भरल्या, दोरीनं खालपर्यंत सोडून सोडून. तिनं थट्टाही केली होती, "काहून मास्तर, सासुरवाडीले नेता काय आमचं पानी?" मास्तर हसले होते म्हणे.

मी तेव्हा तेवढंच ऐकलं आणि पाटलाच्या घरी निघालो. माझा संशय पाटलावर होता, आणि पोराला मारल्याबद्दल वस्तीतल्या लोकांना फटकारायच्या आधी मला त्याला फटकारायचं होतं.

४

वाटेत नत्थुजी भेटला. बैलगाडीवर पिंप लादून तो लांबच्या विहिरीचं गोडं पाणी आणायचा आणि गावात विकायचा. गोडी विहीर निघाल्यावर या माणसाचा धंदा बसला असणार, असं कुणीही म्हणेल. मी गाडी अडवली आणि चांगला दम दिला.

नत्थुजी पिंक टाकून म्हणाला, "सायेब, माह्यं गिराईक पाटलाच्या आळीत. थे लोक त्यायच्या इहिरीचं पानी पेतीन काय? मेले तरी नाई पेनार. थे इहीर गोडी राहो का खारी, माह्ये पिंप तेवढेच खपते."

मला चीड आली, पण बोलणं बिनतोड होतं. त्याच्या गिऱ्हाइकांचा विटाळच त्याचा साक्षीदार होता.

चंद्रभान पाटील पडवीत झोपाळ्यावर होता. त्यानं मला सुपारी पुढं केली, जातभाई म्हणून हसला. मी सुपारी घेतली नाही. त्यावरून त्याला कळलं आणि त्याचा आवाज चढला.

"माह्यावर येऊ नका, गावंडेसायेब. त्यायच्या इहिरीत म्या मीठ कायले टाकू? थे इहीर झाली अन् त्यायचं तळ्यावर येनं बंद झालं. गावाले शांती भेटली. थे खारी झाली त कुठी येतीन थे? माह्या तळ्यावर. मले काय येड लागलं?"

द्वेषानं बोलला, पण खोटं नाही बोलला. विहीर गोडी राहावी असं त्या गावात वस्तीनंतर कुणाला मनापासून वाटत असेल तर या माणसाला. माणूस इतका नीच असावा की त्याचा नीचपणाच त्याला निर्दोष ठरवतो, असं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"म्हणूनच इंजिन दिलंस का उपसायला?"

"म्या देल्लं नाई, मागून नेल्लं. वस्तीतल्यायनं मागितलं असतं त देल्लं बी नसतं. थो पुन्याचा मास्तर आला होता मागाले. मने, बादल्यायनं तळ लागत नाई, इंजिन पायजेच."

मी झोपाळ्याची कडी धरून उभा राहिलो. बेटावर उपसा महापाप आहे हे ज्याला माहीत, त्यानंच उपशासाठी इंजिन मागून आणलं होतं.

५

ठाण्यात येऊन मी मोतीरामकडं पाणी मागितलं. त्यानं माठातलं दिलं, तेच रोजचं सरकारी खारं पाणी. घोट घेतला, आणि घसा कडू झाला.

मी तसाच थांबलो. ही चव मी आज दुपारी घेतली होती, पंचफुलाबाईच्या लोट्यातून. अगदी हीच. मी मोतीरामला म्हटलं, जा, पावसाचं साठवलेलं पाणी आण कुणाकडून तरी, आणि त्यात दुकानातलं मीठ घाल. त्याला वाटलं, साहेबांना ऊन लागलं. पण त्यानं आणलं. मी प्यालो. ते खारट होतं, नुसतं खारट. तुरट नाही, कडू नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी बायांनी चाखलं ते मीठ. मी चाखलं ते मीठ नव्हतं. ते आमच्या मातीतलं पाणी होतं, आणि ते पोत्यातून नाही, खालून आलं होतं. पोतं टाकणाऱ्याला विहीर मिठानं मारायचीच नव्हती. एका पोत्याचं मीठ चार दिवसांत निघून गेलं असतं. त्याला एवढंच हवं होतं की वस्तीनं घाबरून उपसा करावा. वरचा गोडा थर काढून टाकला, की खालचं खारं वर चढतं. विहीर त्या बिचाऱ्यांनीच मारली, घाम गाळून, गाळ उपसून, इंजिन लावून. आणि परवा तिसऱ्यांदा मारणार होते.

राग असा आला की टेबलावरचा माठ फोडायचाच काय तो बाकी राहिला. पण पुरावा? एका फौजदाराच्या जिभेची चव कोर्टात कोण मानणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, मी जाऊन वस्तीला म्हटलं असतं की उपसू नका, तर त्यांनी काय समजायचं? कुणबी फौजदार पाटलाकडून आला आणि सांगतो, विहीर खारीच राहू द्या. त्यांनी माझ्या देखत इंजिन सुरू केलं असतं.

त्यांना एकाच माणसाचं खरं वाटलं असतं. तो बोलणार नव्हता. त्याला बोलतं करायचं, तर त्याचं काहीतरी धोक्यात यायला हवं होतं.

कोठडीत धर्मपाल होता. मी त्याला विचारलं, मास्तर परवानंतर काय करणार आहेत? तो म्हणाला, "परवानंतर विहिरीला हात लावायचा नाही, असं ते लोकांना पटवणार आहेत. मग पावसाळ्यांमागून पावसाळे मोजायचे, थर परत कसा येतो ते. हे सगळं पुस्तकात येणार आहे. आपल्या भल्यासाठीच, साहेब."

पोराला अजूनही कळलं नव्हतं. मी कळू दिलं नाही. मोतीरामला म्हटलं, मूर्तिजापूरहून विहिरी फोडणारी माणसं आण. पहारी, सुरुंग, सगळं घेऊन.

६

उपशाच्या दिवशी वस्ती विहिरीभोवती जमली. इंजिन लागलेलं. पाटीलही आपल्या इंजिनाच्या काळजीनं आला होता, जरा लांब उभा. मास्तर कठड्याशी, बाटल्यांचं खोकं शेजारी. मी धर्मपालला घेऊन उतरलो तसा गलका झाला. देवमन पुढं आला आणि म्हणाला, याले इथी आनलं त बरं नाई होनार. मी हात वर केला.

"ऐका. उपसून उपयोग नाई. मीठ गाळात बसलं. मी खोदनारे आनले. तळ फोडू, सुरुंग लावू, दोन पुरुस खोल करू. खाली गोडा झरा हाये."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. विहीर आटली, बिघडली, की खोल करायची, हेही आपल्याकडं ठरलेलं. देवमन म्हणाला, हे मातर बराबर हाये. दोघं जण पहारी घेऊन दोरानं खाली उतरले.

मास्तरांनी माझ्या बाहीला धरलं. हळूच म्हणाले, "फौजदारसाहेब, जरा बाजूला या."

"इथंच बोला, प्रोफेसरसाहेब. विहीर यांची आहे."

"खोल करणं... योग्य होणार नाही."

"काहून? मीठ तर वरून पडलं. खाली काय वाईट आहे?"

खाली पहारीचा पहिला घाव बसला. मास्तरांनी कठडा धरला. दुसरा घाव. मी वरून ओरडलो, सुरुंगाचं भोक पाडा रे!

"थांबा!" मास्तर कठड्यावर अर्धे वाकले. "वर या! तळ फुटला तर कायमचं संपलं! खाली सगळं खारंच आहे, ते वर येईल आणि पुन्हा कधी जाणार नाही! उपसल्यानं चढलंय ते निदान उतरेल तरी, पण हे..."

ते थांबले, पण उशिरा. पहारी थांबल्या होत्या. तळाला धक्का लावायचा नाही, घाव नुसते कडेला घालायचे, हे मी खोदणाऱ्यांना आधीच बजावलं होतं. वस्तीला मी दोन वाक्यांत जे सांगू शकलो नसतो, ते त्यांच्या मास्तरनं स्वतः सांगितलं होतं.

"उपसल्यानं चढलं," मी म्हटलं. "मग उपसायच्या दिवशी असेच का ओरडला नाहीत तुम्ही? त्या दिवशी तर तुम्ही इंजिन मागून आणलंत. उपसा चालू असताना याच कठड्यावर बसून बाटल्या भरत होता. आणि आदल्या सांजेला गोड्या पाण्याचं खोकं भरून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी ते मिळणार नाही, हे मीठ पडायच्या आधी तुम्हाला कसं कळलं?"

पाटील लांबून म्हणाला, "मंग! मीच सांगितलं होतं." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बाकी आता फार नव्हतं. मीठ अकोल्याच्या बाजारातून आलं होतं, बाटल्यांच्या खोक्यांच्या तळाशी. पोतं अंगणातलं उचललं, कारण ते हाताशी होतं. त्याचा आळ पोरावर येईल, याचा त्यांनी विचारच केला नव्हता, असं ते म्हणाले. ते खरं असावं. त्यांनी त्या घरातल्या कुणाचाच विचार केला नव्हता.

मास्तर सावरले. मी माणसं गुन्हा कबूल करताना रडताना पाहिली आहेत, शिव्या देताना पाहिली आहेत. हा माणूस वर्गात शिकवावं तसा बोलला.

"मी यांचं कायमचं वाईट केलेलं नाही. हात लावला नाही तर तीनचार पावसाळ्यांत थर पुन्हा येईल. बेटावरचे लोक अडाणी श्रद्धेनं वागत नाहीत, हे मला जगाला दाखवायचं होतं. तिथं मला हे कुणी करू दिलं नसतं. तिथं विहिरीवर म्हाताऱ्या बसून असतात."

"आणि इथं?"

"इथं विहीर मीच दाखवली होती," ते म्हणाले.

७

देवमन आणि आणखी चौघं त्यांच्या अंगावर गेले. मी आणि मोतीरामनं मधे पडून दोन तडाखे खाल्ले. मग पंचफुलाबाई पुढं आली आणि माणसं आपोआप बाजूला झाली. ती मास्तरांच्या समोर उभी राहिली. मला वाटलं, मारते आता. तिनं पदर खांद्यावर घट्ट घेतला.

"मास्तर, तुमी मले इचारलं असतं, का बाई, अशी अशी गोठ हाये, मले पाहाचं हाये, त मी नाई मनलं असतं. मनूनच तुमी इचारलं नाई."

मास्तरांनी खोक्यातल्या बाटल्यांकडं पाहिलं.

"पयली बादली म्या वढली," ती म्हणाली. "माह्या हातानं. तुमी तिथी बसून पाहून राह्यले होते."

मग ती धर्मपालकडं वळली, पण त्याच्या तोंडाकडं तिला बघवेना. पोरगा तिच्याजवळ गेला आणि नुसता उभा राहिला. दोघांतलं कुणी माफी मागितली नाही.

मी मास्तरांना जीपमध्ये बसवलं. विहिरीत मीठ टाकल्याबद्दल कायदा काय शिक्षा देतो, ते मला माहीत होतं, आणि ती ऐकून वस्ती हसली असती. उपसा तर कायद्यानं गुन्हाच नव्हता, तो त्यांचा त्यांनी केला होता. मी हे कुणाला सांगितलं नाही. जीपकडं वळलो, तर देवमन आडवा आला.

"सायेब, तीनचार पावसाळे इहिरीले हात लावाचा नाई. ठीक. काट्या टाकून झाकतो. पन तवरोक आमी काय प्यावं? थे लिवा तुमच्या कागदावर."

तेवढ्यात पंचफुलाबाईनं घरातून दोन घागरी आणल्या. एक धर्मपालच्या हातात दिली.

"तळ्यावर जातो," ती म्हणाली. "पन उभी राहानार नाई. पायऱ्या उतरीन अन् माह्या हातानं भरीन."

हे तिनं देवमनला सांगितलं, पण ऐकलं पाटलानं. तो दोन पावलं पुढं आला. म्हणाला, "गावंडेसायेब, हे बराबर नाई. गावात दंगा होईन. तुमी समजावा इले. तुमी आपले मानूस."

तळं गावाचं होतं. ते पाटलाचं आहे असं फक्त पाटील म्हणायचा, आणि सगळे ऐकून घ्यायचे. असं अडवणं गुन्हा आहे, असा कायदा होऊन काही वर्षं झाली होती, आणि तो आमच्या ठाण्याच्या कपाटात होता.

एकेक करून बाया घरात गेल्या आणि घागरी घेऊन बाहेर आल्या. पंचफुलाबाई पुढं निघाली, मागून धर्मपाल, मागून सगळी वस्ती. पाटलाची माणसं गावाच्या अंगानं धावत सुटली. माझ्या कुशीत कळ आली होती, जीपमध्ये आरोपी होता, आणि माझ्याजवळ माणसं होती फक्त एक मोतीराम.

"मोतीराम," मी म्हटलं, "काठी घे. जीप तळ्याकडं घे."

"अन् मास्तर?"

"त्यालाही नेऊ. पाहू दे."

आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्यांवर पाटलाची आठदहा माणसं लाठ्या घेऊन उभी होती. पंचफुलाबाई थांबली नाही. मी जीपमधून उतरून तिच्या बाजूनं चालायला लागलो. माझी टोपी, माझा पट्टा, माझी जात, सगळं त्या माणसांना दिसत होतं. त्यांच्यातला एक म्हणाला, सायेब, तुमीसुद्दा? मी त्याला म्हटलं, बाजूला हो. तो लगेच झाला नाही. मग झाला.

ती सगळ्या पायऱ्या उतरली. घागर पाण्यात टाकली, भरली, आणि काखेत घेण्याआधी ओंजळ भरून तिथंच प्याली. मग धर्मपालला म्हणाली, "भर तू बी. उद्या आनखी येनं हाये."